एका क्विंटलचा उत्पादन खर्च कसा काढायचा: ए-२, ए-२ + एफएल आणि सी-२

यंदा सोयाबीन क्विंटलमागे कितीला पडलं, असं एकाच गावातल्या तिघांना विचारलं तर तीन उत्तरं येतात. एकजण कृषी सेवा केंद्राची बिलं जोडतो, दुसरा त्यात मजुरी आणि मळणी धरतो, तिसरा घरच्या माणसांचे दिवसही मोजतो. तिघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर असतं, कारण ‘उत्पादन खर्च’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या रकमांसाठी वापरला जातो. हमीभावाचा वादही याच शब्दाभोवती फिरतो. सरकार ज्याच्या दीडपट म्हणतं तो खर्च वेगळा, आणि शेतकरी संघटना ज्याच्या दीडपट मागतात तो वेगळा.

शेतीचा हिशोब पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एक एकर कोरडवाहू सोयाबीनचं घेतलं आहे. हमीभाव आणि सरकारी आकडे सोडले तर बाकीच्या रकमा पद्धत समजावी म्हणून धरलेल्या आहेत. तिथे आपल्या गावचे दर घाला.

आधी तीन शब्द

केंद्र सरकारने १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून त्याचं नाव कृषी खर्च व मूल्य आयोग आहे. हा आयोग हमीभावाची शिफारस करतो, आणि त्यासाठी लागणारी खर्चाची माहिती १९७०-७१ पासून एका देशव्यापी योजनेतून, निवडलेल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या नोंदींवरून गोळा होते. महाराष्ट्रात हे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. खर्चाचे तीन मुख्य थर असे:

ए-२ म्हणजे पिकासाठी प्रत्यक्ष केलेला सगळा खर्च, मग तो रोख असो की वस्तूच्या रूपात. यात बियाणं, खतं, औषधं, लावलेले मजूर, बैल, यंत्रं, घसारा, खेळत्या भांडवलावरचं व्याज आणि जमीन दुसऱ्याची असेल तर दिलेला खंड येतो.

ए-२ + एफएल (फॅमिली लेबर) म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवलेली.

सी-२ म्हणजे त्यावर आणखी दोन गोष्टी: स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं, म्हणजे अवजारं, मोटार, गोठा यांत अडकलेल्या पैशावरचं व्याज.

स्वतःच्याच जमिनीचा खंड कुणाला द्यायचा, असा प्रश्न इथे हमखास येतो. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. हीच जमीन तुम्ही दुसऱ्याला ठोक्याने (काही भागात मक्त्याने, खंडाने म्हणतात) दिली असती तर घरबसल्या पैसे आले असते. स्वतः कसल्यामुळे ते आले नाहीत, म्हणून तो या पिकाचा खर्च. घरच्या माणसांच्या श्रमाचंही तेच. खिशातून नोट गेली नाही म्हणून खर्च झाला नाही, असं धरलं की ‘नफा’ नावाखाली आपण आपलीच मजुरी आणि आपल्याच जमिनीचा खंड मोजत बसतो.

पेरणीच्या आधी वही

हिशोब हंगामानंतर आठवून लिहिला की कमीच भरतो. मोठी बिलं लक्षात राहतात, पण दोन दिवसांची डवरणी (बैलांनी केलेली कोळपणी) आणि तीन वेळचं डिझेल विसरतं. एक वही घ्या आणि प्रत्येक पिकाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं पान द्या. रकाने पुरेत असे: तारीख, काम, घरचे की लावलेले, बाई की गडी, तास, दर, वस्तू व वजन, रक्कम. रात्री जेवणानंतर पाच मिनिटं लागतात.

तुकड्याचं क्षेत्र नीट लिहा. सातबाऱ्यावर १ एकर असेल पण बांध, विहीर आणि वाट धरून पेरा ३६ गुंठ्यांवरच झाला असेल, तर खर्च ३६ गुंठ्यांचा आणि माल ४० गुंठ्यांचा समजल्याने पुढचं सगळं चुकतं. सोयाबीनमध्ये तूर असेल तर फक्त तुरीवर झालेला खर्च तुरीच्या पानावर जातो. मशागतीसारखा सामाईक खर्च दोन्ही पिकांच्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटा.

पहिला थर: प्रत्यक्ष खर्च

एका एकराची नोंद अशी दिसेल:

नांगरणी, रोटाव्हेटर (भाड्याचा ट्रॅक्टर): ३,०००
पेरणी: ९००
घरचं बियाणं ३० किलो, ६० रुपयांनी, आणि बीजप्रक्रिया: २,०००
डीएपी एक गोणी १,३५० आणि इतर खत ६५०: २,०००
तणनाशक व दोन कीटकनाशक फवारण्यांची औषधं: २,६००
दोन डवरण्या, घरची बैलजोडी: १,०००
निंदणी, ६ मजूर ३०० रुपयांनी: १,८००
सोंगणी (कापणी), उक्ती म्हणजे ठरवून दिलेल्या रकमेत: ३,२००
मळणी, ८ क्विंटल २५० रुपयांनी: २,०००
पोती, वाहतूक, हमाली, तोलाई: १,०००
पीकविम्याचा हप्ता: ४५०
घसारा: ७००

बेरीज २०,६५०.

यातल्या काही ओळींवर थांबायला हवं. घरचं बियाणं फुकट नसतं. पेरणीच्या दिवशी ते बाजारात ज्या भावाने गेलं असतं तो भाव धरा. घरच्या बैलजोडीला गावात भाड्याच्या जोडीचा जो दर आहे तो लावा. शेणखताला गावातला ट्रॉलीचा दर. शेणखताचा उपयोग पुढच्या पिकालाही होतो, म्हणून त्याची किंमत दोन वर्षांत विभागली तरी चालते, फक्त दरवर्षी पद्धत तीच ठेवा.

मळणीवाल्याला पैशांऐवजी सोयाबीन दिलं असेल तर त्या दिवशीच्या भावाने त्याची किंमत खर्चात लिहा, आणि ते सोयाबीन एकूण उत्पादनातही मोजा. बरेचजण खर्च लिहितात आणि उत्पादन मात्र घरी आलेल्या पोत्यांवरून धरतात. मग तोच माल दोनदा वजा होतो.

पीकविम्याच्या ओळीची सवय आता करून घ्यावी लागेल. महाराष्ट्रातली एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. खरिपाच्या धान्य व गळीत पिकांना विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. विम्याची भरपाई मिळाली तर ती उत्पन्नाच्या बाजूला लिहा. खर्चातून वजा केली तर बुडालेल्या वर्षातही पीक स्वस्तात पडल्यासारखं दिसतं.

घसारा

घसारा म्हणजे वस्तू झिजण्याची वार्षिक किंमत. खरेदी किमतीतून शेवटी येणारी भंगाराची किंमत वजा करा आणि वापराच्या वर्षांनी भागा. ३०,००० ची मोटार १० वर्षं चालेल आणि ३,००० ला जाईल असं धरलं तर वर्षाला २,७०० घसारा. ती ज्या पिकांना पाणी देते त्यांच्यात तो वाटायचा. बॅटरीवरचा पंप ४,००० चा, ५ वर्षांचा, भंगार शून्य, तर वर्षाला ८००. तो वर्षात १० एकर-हंगामांना वापरला, तर एका एकराच्या वाट्याला ८० रुपये.

स्वतःचा ट्रॅक्टर असेल तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. ७ लाखांचा ट्रॅक्टर १० वर्षांनी २ लाखांना विकला जाईल, म्हणजे वर्षाला ५०,००० घसारा. वर्षात ४०० तास चालला तर तासाला १२५ रुपये, १०० तासच चालला तर ५०० रुपये, आणि यात डिझेल, ऑईल, दुरुस्ती अजून आलेली नाही. नांगरणी घरच्या ट्रॅक्टरने केली म्हणून फक्त डिझेल लिहिणं ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे. पाच-सहा एकरांवर दारात ट्रॅक्टर ठेवणाऱ्याला हा आकडा एकदा काढून पाहिल्यावर भाड्याच्या ट्रॅक्टरचा दर पूर्वीइतका महाग वाटत नाही.

दुसरी चूक याच्या उलटी: कर्जाचा हप्ताही लिहायचा आणि घसाराही. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे ट्रॅक्टरचीच किंमत, आणि ती घसाऱ्यातून आधीच मोजली गेली आहे. मुद्दल खर्चात धरू नका.

खेळत्या भांडवलावरचं व्याज

जूनमध्ये घातलेला पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरशिवाय परत येत नाही. तेवढ्या काळाचं व्याज हा खर्चच. सगळा पैसा पहिल्याच दिवशी लागत नाही, म्हणून संपूर्ण हंगामाऐवजी निम्म्या हंगामाचं व्याज धरायची पद्धत आहे. घसारा सोडून खर्च १९,९५०. दर ७ टक्के. पाच महिन्यांचा निम्मा म्हणजे अडीच महिने. व्याज सुमारे २९० रुपये. कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल घेतला असेल तर रोखीच्या आणि उधारीच्या भावातला फरक हेच खरं व्याज असतं. तो फरक विचारून वहीत लिहा. पीककर्ज काढून घरच्या कार्याला वापरलं असेल तर त्याचं व्याज पिकावर टाकू नका.

२०,६५० + २९० = २०,९४०. जमीन स्वतःची, बाहेर खंड दिलेला नाही, म्हणून हाच ए-२.

दुसरा थर: घरचे श्रम

आठ तासांचा एक दिवस धरा. सकाळी तीन आणि संध्याकाळी दोन तास फवारणी केली तर ते पाच तास, पूर्ण दिवस नव्हे. दर गावात त्या महिन्यात त्या कामाला चालणारा. आपल्या एकराला घरच्या गड्याचे १० दिवस ४०० ने आणि घरच्या बाईचे ८ दिवस ३०० ने, म्हणजे ४,००० + २,४०० = ६,४००.

बियाणं निवडणं, खत पेरायला मागे चालणं, राहिलेल्या शेंगा वेचणं, पोती शिवणं ही बायकांची कामं वहीतून गळतात. ‘मदत केली’ म्हणून ती सोडू नका. तीच कामं मजूर लावून केली असती तर पैसे मोजावे लागलेच असते. गुरांचं चारापाणी मात्र या पानावर येत नाही, ते जनावरांच्या हिशोबात जातं.

ए-२ + एफएल = २७,३४०.

तिसरा थर: जमीन आणि अडकलेलं भांडवल

गावात तशाच जमिनीचा वर्षाचा ठोका १२,००० असेल आणि त्याच तुकड्यात रब्बीला हरभरा घेणार असाल, तर सोयाबीनवर निम्मा, ६,००० धरा. रब्बीत जमीन पडून राहणार असेल तर पूर्ण १२,००० सोयाबीनवरच येतात, आणि खर्च एकदम वर जातो. अवजारं, मोटार यांच्या आजच्या किमतीवरचं व्याज या एकराच्या वाट्याला ६०० धरू.

सी-२ = २७,३४० + ६,००० + ६०० = ३३,९४०.

भागाकार

मळणीत ८ क्विंटल निघाले, पण ओलावा १६ टक्के होता. सरकारी खरेदीचं सर्वसाधारण प्रमाण १२ टक्क्यांचं आहे (२०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी ते १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केलं होतं). कोरडं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: ८ × (१०० − १६) ÷ (१०० − १२) = ७.६४ क्विंटल. छत्तीस किलो पाणी होतं. व्यापारी ओलाव्याची कट्टी (वजनातली कपात) लावतो तेव्हा ती या सूत्राच्या आसपास आहे की फारच जास्त, हेही यावरून तपासता येतं.

कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) विकलं किंवा घरच्या गुरांना ठेवलं, तर त्याची किंमत, समजा १,०००, प्रत्येक थरातून वजा करा. मग एका क्विंटलला:

ए-२: १९,९४० ÷ ७.६४ = २,६१० रुपये
ए-२ + एफएल: २६,३४० ÷ ७.६४ = ३,४४८ रुपये
सी-२: ३२,९४० ÷ ७.६४ = ४,३१२ रुपये

८ क्विंटलनेच भागलं असतं तर मधला आकडा ३,२९३ दिसला असता. फक्त ओलाव्यामुळे क्विंटलला दीडशे रुपयांची गफलत.

आता उतारा घसरला तर काय होतं ते बघा, कारण कोरडवाहू शेतीचं खरं दुखणं इथे आहे. मालाचं वजन ५ क्विंटलच भरलं, तर मळणी-वाहतुकीत हजारभर रुपये वाचतील, बाकी खर्च तसाच राहील. ए-२ + एफएल क्विंटलला ५,०६८ आणि सी-२ ६,३८८ होतो. खतात पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा उगवण नीट होणं जास्त मोलाचं ठरतं ते यामुळे. घरचं बियाणं वापरणाऱ्याने १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किमान ७० उगवतात का हे पेरणीआधी बघणं, हा या सगळ्या हिशोबातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कुठला आकडा कशाला लावायचा

हमीभावाशी तुलना करताना समोर नेमका कुठला खर्च आहे ते बघा. २०२५-२६ साठी पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे आणि त्यासाठी धरलेला खर्च ३,५५२ रुपये. ५,३२८ हे बरोबर त्याच्या दीडपट. हा ३,५५२ म्हणजे ए-२ + एफएल, आणि तोही अनेक राज्यांची मिळून काढलेली सरासरी. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं ‘दीडपट’ ते हेच. डॉ. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४ ते २००६) हमीभाव भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा असं सुचवलं होतं. शेतकरी संघटना तो खर्च सी-२ धरतात. आपल्या उदाहरणात ए-२ + एफएलच्या दीडपट ५,१७२ होतात आणि सी-२ च्या दीडपट ६,४६८. एका क्विंटलमागे सुमारे १,३०० रुपयांचं अंतर फक्त व्याख्येमुळे पडतं. आणि २०२४ व २०२५ च्या हंगामांत बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकलं गेलं, हे विसरून चालणार नाही.

पीक उभं असताना मात्र यातला एकही आकडा कामाचा नसतो. समजा आणखी एका फवारणीला १,३०० रुपये लागणार आहेत. तोवर झालेला खर्च बुडीत खर्च. फवारलं काय, न फवारलं काय, तो परत येत नाही. प्रश्न एवढाच: या फवारणीने किती माल वाचेल? भाव ४,३०० धरला तर १,३०० ÷ ४,३०० म्हणजे ३० किलो, मळणी धरून ३२ किलो. तेवढं नुकसान टळणार असेल तर फवारा. ‘आतापर्यंत इतकं घातलंय, आता कशाला मागे हटायचं’ या विचाराने केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

विकायचं की ठेवायचं, हेही तसंच. क्विंटल ४,३१२ ला पडलं म्हणून त्याखाली विकायचं नाही, असा हट्ट धरला तरी बाजाराला तुमचा खर्च माहीत नसतो. पुढचा हिशोब करा. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सहभागी बाजार समितीत सोयाबीन ठेवलं तर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी मिळतं. ४,३०० च्या मालावर सगळ्याच रकमेचं तीन महिन्यांचं ६ टक्क्यांनी व्याज धरलं तरी ६५ रुपये, चढ-उतार हमाली ४० धरू, वजनातली १ टक्का घट ४३. म्हणजे तीन महिन्यांत भाव दीडशेने वाढेल असं वाटत असेल तरच ठेवण्यात अर्थ आहे.

ठोक्याने जमीन घेण्याआधी

शेजारची एकर ठोक्याने घ्यायची असेल तर हाच हिशोब उलटा चालवा. ७.६४ क्विंटल ४,३०० ने ३२,८५२, कुटार १,०००, एकूण ३३,८५२. त्यातून खंड न धरलेला खर्च २०,९४०, घरचे श्रम ६,४०० आणि भांडवलाचं व्याज ६०० वजा केलं की उरतात ५,९१२. खरिपापुरता जास्तीत जास्त एवढाच ठोका परवडतो. मालक वर्षाला १२,००० मागत असेल तर उरलेले ६,०८८ हरभऱ्यातून निघायला हवेत, आणि विहिरीला पाणी नसेल तर ते निघत नाहीत.

हेच गणित ५ क्विंटलवरही करून बघा. २१,५०० चा माल आणि कुटाराचे १,००० मिळून २२,५००, खर्च मळणी-वाहतुकीतले हजार वाचून सुमारे १९,९४०. उरलेल्या २,५६० मध्ये घरची मजुरीही पूर्ण भागत नाही, आणि ठोक्याचे पैसे तर गुढीपाडव्यालाच मोजून दिलेले असतात. बटईत, म्हणजे मालाच्या वाट्यावर जमीन कसताना, मालक उताऱ्याचा धोका वाटून घेतो, ठोक्यात तो सगळा कसणाऱ्यावर येतो. म्हणून बोलणी करताना चांगल्या वर्षाचा आणि पडलेल्या वर्षाचा असे दोन्ही आकडे कागदावर काढून ठेवा, आणि ठोक्याऐवजी निम्म्या वाट्याने मिळते का ते आधी विचारा.